विहिरीवरून लाइव्ह

मरोळ गावठाण,
अंधेरी (पूर्व)
मंगळवार, २० जानेवारी

सौरभ यार,

कसा आहेस? नीट पोचलास ना? आईबाबा बरे असतील. इकडे सगळे मजेत, फक्त मम्मीचा गुडघा सोडून. कार्मेनच्या लग्नात नाचली आणि आता भिंत धरून चालतेय. नाचले त्याचं काही वाटत नाही म्हणते, डॉक्टरकडे जायचं म्हटलं की वाटतं.

पत्र बघून हसू नकोस. शाळेत मार्कांसाठी 'मामांस पत्र' लिहिलेलं, त्यानंतर हे पहिलंच. दुसरा इलाज ठेवलायस का तू? फोन घाटकोपरला रुक्मिणीआत्याकडे टेबलाच्या खणात टाकलास आणि सरळ गावाची बस पकडलीस. तुझ्या काकांच्या नंबरवर करता आला असता. पण काका फोन स्पीकरवर टाकतात आणि शेजारची दोन घरं उत्तरं देतात, हे तूच मला सांगून हसवलेलंस. मला जे सांगायचंय ते दोन घरांसमोर सांगण्यासारखं नाही. म्हणजे, तसं आता काय राहिलंय म्हणा. जाऊ दे, ओळीने सांगते.

पत्ता मागायला शनिवारी आत्याकडे गेले होते. मी तिला पहिल्यांदाच भेटत होते, पण तिने दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "ये गो चेडवा, तुझीच वाट बघी होतंय." मग बसवून सोलकढी पाजली. मी पीत होते तोवर ही बाई माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होती. का हसत होती ते नंतर.

तू परत यावंस म्हणून लिहितेय, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तू शेवटचं पान पहिलं वाचशील, मला माहितीय तुला.

प्रीतम सरांनी तुझा राजीनामा घेतलेला नाही. "एका ओळीच्या मेलला मी राजीनामा मानत नाही, संपादक म्हणून मला किमान तीन परिच्छेद लागतात," असं ते सगळ्या ऑफिससमोर म्हणाले. तुझ्या खुर्चीवर कुणी बसत नाही. तुझा चहाचा कप मात्र फुटला. तो मी फोडला नाही.

आता बुधवारचं. तू जे बघितलंस ते स्क्रीनवर बघितलंस. मी होते रस्त्यावर. म्हणून माझ्या बाजूने सांगते.

तुझी बाजू एवढीच ना: पालिकेचा प्रचार आदल्या संध्याकाळीच बंद झालेला, गुरुवारी मतदान. आपल्या 'गल्लीबोळ' न्यूज पेजच्या नंबरवर एका प्रेक्षकाने व्हिडिओ पाठवला. मरोळच्या गल्लीत ब्रास बँड, पुढे झालर लावलेली रंगीत मोठी छत्री, मागे बायकांचा जथा, आणि बँडवर वाजतंय ते आपल्या वॉर्डातल्या अपक्ष उमेदवाराचं प्रचारगीत. त्याचं चिन्ह छत्री. बँडही तोच, जो पंधरा दिवस त्याच्या जीपपुढे वाजत होता. यात शंका घ्यायला जागाच कुठे होती? मी डेस्कवर असते तर मीही तेच केलं असतं, आणि तुझ्यापेक्षा लवकर केलं असतं.

तू नेहमीसारखी दोन हेडिंगं लावून बघितलीस. 'मरोळमध्ये प्रचारबंदीत मिरवणूक' आणि 'प्रचारबंदीचाच वाजवला बँड'. दहा मिनिटांत जास्त क्लिक मिळवून दुसरं जिंकलं. लोकांना राग येईल असं हेडिंग जिंकतंच, हे आपल्याला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कळलेलं. खाली लोक तुटून पडले. आयोग झोपला का, यांना कुणी विचारणारं आहे का, माझ्या टॅक्सचे पैसे. टॅक्सचा काय संबंध, पण टॅक्स येतोच. आणि अर्ध्या तासाने कुणीतरी लिहिलं की त्या हिरव्या लुगड्यातल्या, डोक्यावर कळशीवाल्या, तोंड वासून गाणाऱ्या मॅडम 'गल्लीबोळ'च्याच ना, ज्या रोज खड्ड्यांचं लाइव्ह करतात? तेव्हा तू झूम केलंस.

हो रे बाबा. मीच ती.

बहिणीच्या लग्नाची रजा आहे एवढंच मी तुला सांगितलेलं. कार्मेन माझी चुलत बहीण, पण एकाच अंगणातली. 'उंबराचं पाणी' काय असतं ते सांगायला हवं होतं. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी घरच्या बायका बँड लावून विहिरीवर जातात, गाणी म्हणत पाणी भरून आणतात आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. पुढे छत्री असतेच. आमच्या गावठाणात सगळी लग्नं अशीच लागली. आणि विहिरीवर जाताना जे गाणं म्हणायचं ते ठरलेलं, आजीच्या आजीपासूनचं. छत्रीवाले साहेब राहतात चर्चच्या मागे. लहानपणापासून शंभर लग्नांत जेवलेत. प्रचारगीत करायची वेळ आली तेव्हा त्यांना तीच चाल आठवली, त्यात 'छत्री, छत्री' घातलं आणि पंधरा दिवस स्पीकरवरून वाजवलं. वॉर्डातल्या नव्या टॉवरवाल्यांनी ती चाल आयुष्यात पहिल्यांदा ऐकली ती जीपवरून. त्यांनी काय समजायचं?

लग्नाची तारीख हॉलवाल्याने दिली तेव्हा निवडणूक जाहीर पण झाली नव्हती. नंतर कळलं की लग्नाच्या दिवशीच मतदान. डॅडी खूश, पाहुण्यांना सुट्टी मिळाली म्हणून. अंकल लोक नाराज, ड्राय डे लागला म्हणून.

तर आम्ही विहिरीकडे निघालेलो. माझ्या डोक्यावर कळशी, बाजूला कार्मेनची गॉडमदर जेनेव्हिव्ह आंटी, जिचा आवाज बँडच्याही वर जातो. कार्मेन घरी पाण्याची वाट बघत बसलेली. आणि माझ्या कमरेला खोचलेला फोन थरथरायला लागला. प्रीतम सर.

"निकोल, तू मरोळचीच ना? तुमच्याकडे छत्रीवाल्यांचा बँड निघालाय. पटकन जाऊन लाइव्ह कर."

मी म्हटलं, "सर, मी तिथेच आहे."

"झकास. मग कर चालू."

"सर, मी त्यात आहे."

  सर म्हणाले, "त्यात म्हणजे?" तोवर समोरून भरारी पथकाची जीप वळली.

सौरभ, 'तुमच्या वॉर्डावर तुमचा डोळा' ही आयडिया माझी. लोकांनी व्हिडिओ पाठवायचे, आपण दाखवायचे, उमेदवारांनी टरकायचं. किती मिरवलं मी त्यावर. त्या डोळ्यात आपणच सापडू असं कुणाला वाटतं? जीप थांबली तेव्हा मला आधी हसू आलं, खरं सांगते.

मग हसू गेलं. पथकाचे साहेब उतरले, विद्याधर म्हणून होते, चष्मा, घामाघूम, तीन दिवस झोपले नसावेत. बरोबर कॅमेरावाला. त्यांनी हात वर केला आणि डेनिस अंकलना म्हणाले, "बँड बंद करा." डेनिस अंकल म्हणजे आमचे बँडमास्टर. त्यांनी क्लॅरिनेट तोंडातून काढला, पुसला आणि म्हणाले, "साहेब, पाणी भरून होईपर्यंत बंद होत नाही. नवरीला अपशकुन." साहेब म्हणाले, सामान जप्त करावं लागेल. मागून कुणीतरी खिमाडची, म्हणजे आमच्या लग्नातल्या मसालेदार गरम दारूची, किटली हळूच मम्मीच्या लुगड्याआड सरकवली. म्हणजे मम्मीचं तिथून हलणं बंद.

इथे कार्मेनच्या रडण्याचा आवाज मम्मीच्या फोनवरून यायला लागला. तिच्या सासरच्यांनी आपली पोस्ट बघितलेली. बोरिवलीची माणसं, शांत, पण सासूने विचारलं होतं की तुमच्याकडे लग्नात राजकारण असतं का? कार्मेन म्हणत होती, पाणी नाही आलं तर मी उद्या चर्चला जाणार नाही. ती तशीच आहे, गेली नसती.

मग मी कळशी बाजूच्या एका मावशीकडे दिली आणि फोन परत काढला. पेजचं लॉगिन माझ्याकडे होतंच. सरांना विचारलं, चूक झालीय, लाइव्ह दुरुस्ती करू? सर म्हणाले, "नको, पोस्ट गुपचूप उडवतो, संध्याकाळपर्यंत लोक विसरतील." आपण नेहमी तेच करतो ना? चूक ढोल वाजवून सांगायची आणि दुरुस्ती कुजबुजायची. मला काय झालं माहीत नाही, मी सरांना म्हटलं, "उडवली तर मी पण राजीनामा देईन." तू आधीच दिलायस हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. 'पण' तोंडातून कसा आला देव जाणे. आणि मी लाइव्ह चालू केलं.

दहा हजार लोक तर लगेच आले, भांडण बघायला. मी कॅमेरा विहिरीवर धरला आणि म्हटलं, मघाचा व्हिडिओ आम्ही चुकीचा दाखवला, हा प्रचार नाही, हे लग्न आहे, बघा. साहेबांना विचारलं, तुम्ही दोन मिनिटं गाणं ऐकाल का? ते म्हणाले, "ऐकतो. पण ते छत्रीचं नको." जेनेव्हिव्ह आंटी पुढे आली. तिने कंबरेवर हात ठेवला आणि पहिल्या ओळीपासून, एकटीने, बँडशिवाय गायलं. विहिरीला हाक, उंबराला हाक, नवरीच्या आईला धीर. एकदा गाऊन प्रत्येक ओळीचा अर्थ साहेबांना सांगितला. मध्येच म्हणाली, "माझ्या लग्नात हेच वाजलं साहेब. तो छत्रीवाला तेव्हा चड्डीत आईसक्रीम मागत फिरत होता. गाणं त्याने आमचं घेतलं, आम्ही त्याचं नाही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या आईकडे कुठल्याशा गावी असंच पाणी आणतात म्हणाले. मग त्यांच्या कॅमेरावाल्याला सांगितलं, "हे पूर्ण घे, पुरावा म्हणून." आणि डेनिस अंकलना म्हणाले, वाजवा, पण त्या छत्रीवर चिन्ह बिन्ह नाही ना ते बघू द्या. छत्री फिरवून बघितली. झालर, मणी, एक डाग. परवानगी.

इथे खरं तर संपायला हवं होतं. मी इथेच संपवणार होते, दोनदा पान बदललं. पण तू फोन चालू केलास की पाच मिनिटांत तुला कळेलच, आणि ते कुणा फालतू माणसाच्या फॉरवर्डमधून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

कार्मेनचा भाऊ शेर्विन तुला माहीत नाही. जिमला जातो, डोकं जरा गरम. त्याने पोस्ट उघडून खालचं नाव वाचलं, मोठ्याने: "संकलन, सौरभ परब. कोण हा? माझ्या बहिणीला रडवलं याने. चला रे, चकाल्यालाच ऑफिस आहे." आणि त्याच्यामागे पाच-सहा पोरं खरंच निघाली. बायका पण पेटलेल्या. कोण परब, कुठला परब, बोलवा त्याला विहिरीवर. एक जण म्हणाला, नंबर काढा आणि टाका ग्रुपवर, लोक बघून घेतील. कमेंटमध्येही तुझं नाव यायला लागलं. लोक कसे तुटून पडतात ते आपण रोज बघतो, आपलं पोट त्यावर चालतं. आता ते तुझ्यावर येत होतं.

मी ओरडले, "सौरभला कुणी हात लावायचा नाही. तो माझा माणूस आहे."

हे मी म्हणाले, सौरभ. लाइव्हवर. फोन माझ्याच हातात, त्यामुळे चेहरा दिसला नाही, पण आवाज एकदम स्वच्छ. बँड थांबलेला, त्यामुळे वाकोल्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

शेर्विन तिथेच थांबला. जेनेव्हिव्ह आंटीने माझ्याकडे मान वळवली आणि विचारलं, "कधीपासून?" मम्मी किटलीमुळे हलू शकत नव्हती, ती जागेवरूनच म्हणाली, "परब म्हणजे मालवणकडचे ना गं? मासे खाणारे तरी आहेत." साहेबांनी कॅमेरावाल्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे पण पुराव्यात घेतलंस का?" मग सगळे हसायला लागले, डेनिस अंकलनी नवरदेवाच्या वरातीचं काहीतरी फुंकलं आणि मी कळशी परत घेऊन विहिरीकडे पळाले. लाइव्ह बंद करायला विसरले. पुढची वीस मिनिटं लोकांनी माझी चप्पल बघितली.

कार्मेनला पाणी मिळालं. तिच्या सासूने लाइव्ह बघितलेलं, ती फोनवर म्हणाली, राजकारण नाही, चांगलीच गंमत असते तुमच्याकडे. सकाळी कार्मेन मत देऊन चर्चमध्ये आली, बोटावर शाई, तेच बोट पुढे केलेला फोटो आपल्या पेजवर मतदानाच्या दिवसाचा सगळ्यात आवडता ठरला. छत्रीवाले पडले. रविवारी चर्चमध्ये मिसेनंतर भेटले तर म्हणाले, "माझ्या शेवटच्या सभेपेक्षा तुमच्या विहिरीला गर्दी जास्त होती." चाल परत केली का विचारलं, तर म्हणाले केली.

डेनिस अंकलना सहा लग्नांची बोलावणी आली. त्यांनी निरोप दिलाय, त्या पोराला सांग, आयुष्यात आमचा बँड एवढ्या लोकांनी ऐकला नव्हता. शेर्विन सॉरी म्हणाला, म्हणजे त्याच्या पद्धतीने, तो जिमला घेऊन जाईन म्हणाला तुला. जेनेव्हिव्ह आंटीने तुझ्यासाठी फुगे, म्हणजे आमचे तळलेले गोल पाव, आणि पोर्कचं सोरपोतेल फ्रीजमध्ये ठेवलंय आणि तू पोर्क खातोस का ते रोज विचारते. मी म्हटलं, सुरमईवर जीव आहे, बाकी शिकेल.

पोस्ट सरांनी उडवली नाही. वर मोठ्या अक्षरांत 'आम्ही चुकलो' आहे आणि खाली विहिरीचं लाइव्ह. चूक आठ लाख लोकांनी बघितली, दुरुस्ती सव्वा लाखांनी. मला आधी वाईट वाटलं. सर म्हणाले, दुरुस्तीला सव्वा लाख हा महाराष्ट्रातला रेकॉर्ड असेल, आणि मग लगेच त्यांच्यातला प्रीतम सर जागा झाला. शुक्रवारी मतमोजणीच्या धावपळीत पेजवर त्यांनी पोल टाकला: 'सौरभ हो म्हणेल का?' पर्याय दोन. मला कळेपर्यंत वॉर्डापेक्षा जास्त मतदान झालेलं. मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन असं काही बोलले की त्यांनी माझ्यासमोर तो काढला. निकाल मी सांगणार नाही. रुक्मिणीआत्याने तीनदा मत दिलंय एवढं मात्र तिने स्वतः सांगितलं.

आता मला तुझ्याकडून काय हवंय ते लिहिते.

ऑफिसला ये. त्याचा त्या वाक्याशी काही संबंध नाही. तू गुन्हा केलेला नाहीस, घाई केलीस, आणि ती आपण सगळेच रोज करतो. मी सरांशी ठरवलंय, प्रेक्षकाचा व्हिडिओ आला की त्या गल्लीतल्या एका तरी माणसाला फोन केल्याशिवाय टाकायचा नाही. दोन हेडिंगांचा खेळही काही दिवस बंद. हे सगळं उभं करायला मला तूच लागणार आहेस, दुसऱ्या कुणाबरोबर मला भांडता येत नाही.

आणि ते वाक्य. घरी सगळ्यांना मी सांगितलंय की तुला वाचवायला बोलले. पोरं तोडायला निघालेली, काहीतरी बोलायला हवं होतं. मम्मीने मान हलवली. डॅडी नुसतं "बरं" म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं. कार्मेन हनिमूनवरून फोन करून म्हणाली, मला नको शिकवू.

खोटं आहे ते, सौरभ. तुला वाचवायला मला दहा वाक्यं सुचली असती. नवीन पोरगा आहे म्हटलं असतं, आजारी आहे, आईवेगळा आहे, काहीही. लोकांना काय बोललं की ते गप्प होतात हाच आपला धंदा आहे. त्या क्षणी तेच एक आलं, कारण दोन वर्षं ते तोंडाशीच होतं आणि मी रोज ते चहाबरोबर गिळत होते.

तुला काही वाटत नसेल तर तसं लिही. मी पुन्हा लाइव्ह जाईन, विहिरीवर उभी राहीन आणि दुरुस्ती सांगेन, मोठ्या आवाजात, कुजबुजून नाही. रडणार पण नाही, कॅमेऱ्यासमोर तर नाहीच. फक्त माझ्या बाजूने त्या वाक्यात काही चूक नाही. तुझी बाजू मी न विचारता बोलले. ती आता विचारतेय.

आईबाबांना नमस्कार सांग. पत्र त्यांना दाखवू नकोस.

'तुझी' असं लिहून तीनदा खोडलंय, खाली दिसतच असेल. ते लिहायचं की नाही हे तू सांगितल्याशिवाय कळणार नाही, म्हणून आत्ता नुसतीच,

निकोल